टाचेचा आवाज

उठायचं काय नडलं होतं त्याचं? चांगला बसला होता की बाकावर, भिंतीला पाठ टेकून, उजवा पाय पुढं लांब सोडून, जसं पढवलं होतं तसा. चपराश्यानं येताजाता हटकलं, "ए, पाय आवर," म्हणून, तरी ह्यानं आवरला नाही, आणि बनुबाईला वाटलं होतं की चला, लेकाला एकदाची अक्कल आली. आणि मग नको त्या घटकेला, नको त्या माणसापुढं, कुणाचा हात न धरता, भिंत न चाचपता, हे कार्टं ताठ उभं राहिलं आणि त्यानं टाचेवर टाच आपटली. खाड्. साताऱ्याच्या त्या कचेरीच्या शहाबादी फरशीवर तो आवाज असा उठला, की आतल्या खोलीतला कारकूनसुद्धा मान उंच करून बघायला लागला. आता ती भर उन्हात मोटारस्टँडाच्या वाटेनं पुढं चालली होती, नाथाजी मागं पडला होता, आणि रस्त्यानं एखादा टांगा गेला, घोड्याचा नाल दगडावर पडला, की तिच्या छातीत तेच खाड् व्हायचं. तिनं मागं वळून बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती. डावा पाय पडतो कसा आणि उजवा घासत येतो कसा, हे तिला आता झोपेतसुद्धा पाठ होतं. टाच आपटली तो पाय हाच. आता घासतोय. आता घासून काय उपयोग? ह्या रस्त्यावर कोण बघणार आहे, पानवाला?

कचेरीत काय झालं ते कळायला तिला कुणी इंग्रजी शिकवायला नको होतं. बापानं तिला शाळेत घातली आणि बाराखडी पुरी व्हायच्या आत शेण भरायला काढून आणली. ठळक अक्षर बोट ठेवून लागायचं तेवढंच. पण लष्कराचा हा हिशेब तिनं ओवीसारखा तोंडपाठ केला होता. जवान पलटणीतून सुटताना डॉक्टरांचं बोर्ड बसतं, त्याचं काय मोडलंय ते बघतं, आणि किती मोडलंय ते टक्क्यात लिहितं. वीस किंवा वर लिहिलं तर जन्मभराचं पेन्शन. वीसच्या खाली लिहिलं तर रामराम. नाथाजीची कंबर आणि उजवा गुडघा, दोन्ही मिळून पंधरा लिहिले होते. त्यावर अपील केलं. गावचेच पेन्शनर हवालदार लालासाहेब, त्यांनी अर्ज लिहिले, साताऱ्याच्या खेपा घातल्या, आणि शेवटी आज पुण्याहून दुसरे डॉक्टर येऊन बसले. मघाशी लालासाहेब आतून बाहेर आले ते फेट्याच्या शेमल्यानं तोंड पुसत. "वैनी," ते म्हणाले, "पंधराचं पंधराच. आन् सायब म्हनला, ह्याच्यावर आता अपील न्हाई."

माणसाच्या कंबरेचे शंभर वाटे करायचे. त्यातले पंधरा मोडलेले, उरलेले शाबूत. मग पहाटे घोंगड्यावरून उठताना ते शाबूत कुठं जातात? पहाटे नाथाजी आधी कुशीवर होतो, मग दोन्ही हात जमिनीला लावतो, मग नुकत्याच जन्मलेल्या वासरासारखा चौपायी होऊन थांबतो, आणि त्या थांबण्यात त्याचा श्वास असा ओढला जातो की चुलीपाशी बसलेल्या बनुबाईच्या हातातली फुंकणी तोंडापाशीच राहते. सून मनुबाई तेवढ्यात म्हशीकडं निघून जाते. नवऱ्यानं चौपायी झालेलं आपण बघितलं, हे त्याला कळू नये म्हणून. मग तो दाराची चौकट धरतो, एकेक हात वर सरकवत उभा राहतो, आणि एकदा उभा राहिला की झालं. मग तो कुणालाही धडधाकट दिसतो. उंच, रुंद खांद्याचा, मिशीला पीळ दिलेला. हेच तर वाईट होतं. एखादा हात गेला असता, पंजा तुटला असता, तर लोकांनी हळहळ केली असती. ह्याच्या अंगावर दाखवायला एक व्रण नाही. गावात माणसं पैरा करतात, आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या. ऊस तोडायचा तो पैऱ्यावर, गुऱ्हाळ लावायचं ते पैऱ्यावर. ह्या साली नाथाजीला पैऱ्यात कुणी धरलं नाही. कुणी भांडलं नाही, कुणी बोललं नाही, नुसतं बोलावलं नाही. आणि विहिरीवर तानुबाई म्हणाली होती, कुणाला तरी म्हणून, हिला ऐकू जाईल अशी, की पलटणीत बसून खायची सवय लागल्याली मानसं रानात कशी वाकतील बया. बनुबाईनं तिचा तिथंच पाणउतारा केला, तिच्या तीन पिढ्या उकरल्या. पण घागर घेऊन घरी येताना तिला कळलं होतं की तोंडानं हे मिटणार नाही. सरकारनं लिहून दिलं पाहिजे. ह्या माणसाचं मोडलंय, हा ढोंगी नाही, असं सरकारनं लिहून दिलं पाहिजे. पैसा येवो न येवो.

आणि एक गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती. दिवाळी झाल्यावर एकदा दिवेलागणीला नाथाजी मळ्यातल्या विहिरीच्या काठावर दिसला होता, पाय आत सोडून बसलेला. "काय रं करतूस?" म्हटल्यावर म्हणाला, "पानी किती खाली गेलंय बगतुया." त्या वर्षी विहीर तोंडापर्यंत भरलेली होती. त्या दिवसापासून बनुबाई आपलं अंथरूण दाराला आडवं घालते. सुनेनं विचारलं तर म्हणते, "वारं लागतंया हितं."

मोटारस्टँडावर गर्दी होती. सर्व्हिस मोटार भरल्याशिवाय सुटायची नव्हती. लालासाहेब त्यांना बसवून द्यायला आले होते. ते आज साताऱ्यात लेकीकडं राहणार होते. नाथाजी मोटारीच्या चाकाला हात टेकून उभा राहिला, आणि लालासाहेबांनी तोंड सोडलं. "गड्या, किती डाव सांगितलं हुतं तुला? सायब येऊ दे, लाटसायब येऊ दे, तू बसून ऱ्हायाचं. नाव पुकारलं की दोघांच्या खांद्यावर हात टाकून आत जायाचं. दुखतंय का इच्यारलं की हां म्हनायचं. ह्यात काय अवगड हुतं रं?" नाथाजीनं चाकावरचा हात बदलला. त्याच्या ओठावरच्या घामात मिशीचे केस चिकटले होते. लालासाहेब बनुबाईकडं वळले. "आत काय झालं ऐका वैनी. सायबानं कंबर दाबली, दुखता है? न्हाई साब. गुडगा वाकवला, दुखता है? न्हाई साब. वाकून दाखव म्हनला, तर ह्यो पार नडगीपतूर हात नेऊन आला. मी डोळं मिटून घेतलं." आणि मग बनुबाईच्या जिभेवर जे आलं ते तिनं गिळलं नाही, कारण गिळायची सवय तिला नव्हती. "आवं हवालदार," ती म्हणाली, "तुमी शानं हायसा, तर त्यो गोरा व्हरांड्यात आला तवा तुमी काय करत हुता? बसला हुता काय? मला तर तुमचं कुल्लं बाकावर दिसलं न्हाई." लालासाहेबांच्या कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या. शेजारचा एक हमाल हसला. "म्या काय अपील केलंय व्हय," लालासाहेब पुटपुटले, "मी पेन्शनर मानूस." आणि शेमला सारखा करून, मोटारवाल्याला उगीच दोन शब्द बोलून, ते निघून गेले.

खरंच होतं ते. मोटार सुटली, धक्के खायला लागली, आणि बनुबाईच्या डोळ्यांपुढं ते बाक पुन्हा आलं. नुसता नाथाजीच नव्हता उठला. अख्खं बाक उठलं होतं. कुठून कुठून आलेली माणसं, माणदेशातला एक धनगराचा धुळा नावाचा पोरगा, एका पायाचा, कुबडीवर. एक डोळ्याला पट्टी बांधलेला. एक ज्याचा हात सारखा लटलट हलायचा. सकाळपासून सगळी कण्हत, पाय सोडून, भिंतीला डोकं टेकून बसलेली. आपलं मोडलेलं दाखवायला आलेली. आणि डॉक्टरांबरोबर बोर्डावर बसायला आलेला तो पांढऱ्या मिशांचा गोरा मेजर व्हरांड्याच्या टोकाला दिसला, त्याच्या टोपीवर पलटणीचा बिल्ला चमकला, आणि वाऱ्यानं जोंधळा उठावा तशी ती रांग उभी राहिली. धुळा कुबडी काखेत मारून एका पायावर ताठ. हलणारा हात मांडीला चिकटून गच्च. पण धुळाचा पाय नव्हता तो नव्हताच, मग तो कितीही ताठ उभा राहो. पट्टीखाली डोळा नव्हता. नाथाजीकडंच काय ते सगळं होतं, आणि ते सगळं त्यानं एका ओळीत आणून, छाती काढून, मेजरपुढं मांडलं. मेजर थांबला. त्यानं नाथाजीच्या फेट्याकडं बघितलं, बटणांकडं बघितलं, कुठली कंपनी, कुठं लढलास म्हणून विचारलं, आणि नाथाजीनं कुठल्याशा नदीचं नाव घेतलं. मेजरचा चेहराच बदलला. त्यानं नाथाजीच्या खांद्यावर हात ठेवला. "शाबास, जवान," म्हणाला. अपील तिथंच संपलं होतं. आत जे झालं ती नुसती लिखापढी.

मोटार खड्ड्यातून गेली की शेजारी बसलेल्या नाथाजीच्या नाकातून एक बारीक आवाज यायचा, पाण्यात बुडवलेल्या तापल्या विळ्यासारखा. बनुबाई खिडकीकडं तोंड करून बसली होती. सोसायला तूच शिकवलंस असं कोण म्हणालं? कुणी नाही. मोटारीत कुणी बोलत नव्हतं. तिला एकदम हळदीचा वास आला. मोटारीत हळदीचं पोतं कुठंच नव्हतं, पण वास आला, आणि ती सांगलीत होती. लढाई सुरू होऊन दुसरं साल. हळदीच्या पेठेमागच्या आवारात भरती चालली होती, वाऱ्यावर पिवळी धूळ उडत होती, आणि लंगोट्या लावलेल्या पोरांच्या उघड्या अंगांवर ती बसत होती. जणू एकाच मांडवात इतके नवरदेव उभे केले होते. बाया कुंपणापलीकडं. तिचा नवरा तेव्हा नुकताच गेलेला. सासरा मागच्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेला, त्याच्या फोटोला घरात रोज ऊद. ह्या घरातला पुरुष पलटणीत गेला नाही असं व्हायचं नव्हतं; निदान बनुबाई उंबऱ्याच्या आत असेपर्यंत नव्हतं. नाथाजीला जायचं होतं का? तिनं विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच तिला माहीत नव्हतं. फीत लावणारा म्हणाला, "छाती कमी हाय, चल बाजूला." तेव्हा ती कुंपणाच्या तारेखालून वाकून आत शिरली होती, सगळ्या पुरुषांतून, डोक्यावरचा पदर दातात धरून, आणि तिनं लेकाच्या उघड्या पाठीवर सणसणीत थाप मारली होती. "फुगीव की रं. आईचं दूध प्यालायस का ताक?" सगळं आवार हसलं. फीतवालाही हसला. नाथाजीचा चेहरा लालबुंद झाला, आणि छाती जी फुगली ती फुगली. माप भरलं. तिचा तळहात पिवळा झाला होता, आणि हाताखालची ती पाठ, ती अजून हाताला आठवत होती. नव्या फळीसारखी. जिच्यावर काही ठेवावं आणि ते घरंगळू नये.

त्या फळीवर इटलीत खेचर पडलं. डोंगरात, चिखलात, दारूगोळ्याच्या पेट्यांसकट खेचर घसरलं आणि त्याला घेऊन ओढ्यात गेलं. गोळी नाही, बाँब नाही, खेचर. नाथाजीनं हे एकदाच सांगितलं होतं, तेही हसून. खेचर मेलं, त्याची चौकशी झाली, कुणाच्या हलगर्जीपणानं मेलं म्हणून साहेबानं जबाब घेतले. आणि नाथाजी चौकशीपुढं उभा राहून जबाब देऊन आला, त्याच कंबरेनं. "तवा सांगायचं न्हाईस व्हय, दुखतंय म्हनून?" तिनं विचारलं होतं. तो म्हणाला, "आये, शेजारच्या पोराचं आतडं बाहीर आलं हुतं. त्याच्या म्होरं काय कंबर कंबर करायची?" तिला ते उत्तर आवडलं होतं. तिनं ते चारचौघीत सांगितलंही होतं, दोन-चार वेळा, आवाज चढवून.

गुंडाची गोष्टही तिनंच चारचौघीत सांगितली होती. वरच्या आळीचा गुंडा, तोही पलटणीतून आलेला, तोही कंबर धरून. गुंडा अपिलाच्या बोर्डापुढं गेला तो स्टेशनापर्यंत बैलगाडीत गवत घालून, त्यावर आडवा पडून. गावाच्या वेशीपासून कण्हायला सुरुवात केली ती साताऱ्यापर्यंत. त्याला तीस टक्के मिळाले. परत आल्यावर आठ दिवसांत तो तालमीच्या कट्ट्यावर पत्ते खेळताना दिसला. आणि मग गुऱ्हाळावर एका संध्याकाळी, काहिलीत रस उकळत होता, बायामाणसं भोवती बसली होती, बनुबाईनं गुंडाची नक्कल केली. कंबरेवर हात, तोंड वाकडं, "आई गं, साब, मर गया साब." अशी हुबेहूब की राहीबाईला हसता हसता ठसका लागला आणि गुळव्या ढवळायचं विसरला. "असलं पेनशन," ती म्हणाली होती, "माज्या घरात कुतऱ्याला बी घालायची न्हाई मी." नाथाजी तिथंच होता, चिपाडाच्या ढिगाला पाठ लावून. तोही हसला होता. तो आधी हसला आणि मग त्याचं हसू थांबलं, आणि त्यानं कंबरेखाली घेतलेली चिपाडाची उशी हळूच काढून बाजूला टाकली. हे तिनं तेव्हा बघितलं होतं का? बघितलं असलं पाहिजे. नाहीतर आता मोटारीत कुठून आठवलं असतं?

मोटार वळणावर कलली आणि नाथाजीचा खांदा तिच्यावर आला. त्याच्या अंगाला करंजीच्या तेलाचा वास होता. तिच्याच हातचं तेल. तारीख आल्यापासून ती रोज त्याला पालथा पाडून चोळत होती. तेल कोमट करून, सांगलीची हळद त्यात खलून, अंगठ्यानं मणका न मणका. त्या फळीच्या बुडाशी आता एक खड्डा होता, बोट ठेवलं की ते आत जायचं आणि त्याचे पाय आपोआप आखडायचे. तरी तो हूं की चूं करायचा नाही. गुडघ्याला कोंड्याचा शेक. एवढा प्रवास झेपायला नको का? आणि झेपला. आज सकाळी तो जसा चालला तसा पलटणीतून आल्यापासून चालला नव्हता. खरसुंडीच्या बाजाराला बैल न्यायचा असला की तिचा बाप महिनाभर आधीपासून असाच राबायचा. अंग चोळ, शिंगं तासून तेल लाव, पेंड वाढव, पायात काही असलं तर शेकून बसव. बैल उभा दिसला पाहिजे. बाजारात लंगडा बैल लंगडा म्हणून दाखवायला कुणी नेतो का? तिच्या उभ्या आयुष्यात तिनं जे काही चार लोकांपुढं नेलं, ते धुऊनपुसून नेलं. चिंचेनं कोटाची बटणं घासली. फेट्याला खळ दिली. आज पहाटे स्वतः फेटा बांधून दिला, त्याला खाली वाकायला लागू नये म्हणून पाटावर चढून. सून दारात उभी होती. एरवी ती तोंडातून शब्द काढायची नाही. "आत्याबाई," म्हणाली, "दुखनाईत मानसाला दावायला न्यायाचं हाय न्हवं? मग त्यास्नी असं नवरदेवावानी कशापायी सजवताय?" "मग काय बोडक्यानं नीवू?" बनुबाई तिच्यावर ओरडली होती. "सायबापुढं जायाचंय. भिकारी वाटंल." पण बैलगाडीत बसताना सुनेनं नाथाजीची काठी आणून त्याच्या हातात दिली. आणि बनुबाईनं ती काठी काढून घेतली. गावातून जाताना, तालमीवरनं, त्या गुंडापुढनं, काठी टेकत? तिनं काठी परत सुनेच्या हातात दिली. मनुबाई ती छातीशी धरून वेशीपर्यंत मागं मागं आली होती, गाडी थांबेल म्हणून.

स्टेशनावर गाडीला वेळ होता. ऊन उतरायला लागलं होतं. फलाटावर गुळाच्या ढेपांची थप्पी, दोन कुत्री, एक पेटीवर बसून विडी ओढणारा म्हातारा. बनुबाई लिंबाच्या झाडाखाली जाऊन बसली आणि पहिल्यांदाच तिनं मागं बघितलं. नाथाजी फलाटाच्या मध्यावर उभा होता. त्याला खाली बसता येत नव्हतं. तो एक हात लांब करून काहीतरी धरायला शोधत होता, आणि धरायला काही नव्हतं, आणि काठी घरी होती. ती उठली नाही. का उठली नाही ते तिलाच कळलं नाही. तिनं नुसतं बघितलं. त्यानं आधी डावा गुडघा टेकला, मग हात, मग फेटा डोक्यावरून काढून, चुरगळू नये म्हणून नीट बाजूला ठेवून, तो त्या दगडी फरशीवर सरळ उताणा झाला. नव्या घडीच्या कोटासकट, धुळीत. विडीवाल्या म्हाताऱ्यानं मान वळवून बघितलं. एक कुत्रं येऊन पायाचा वास घेऊन गेलं. नाथाजीचे डोळे उघडे होते आणि डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडं चाललं होतं, आवाज नाही, हुंदका नाही. हे त्या गोऱ्याला दाखवायचं होतं. हे असंच्या असं उचलून त्या टेबलावर नेऊन ठेवायचं होतं. शंभरातले किती होतात मोजा म्हणावं आता.

ती जवळ जाऊन त्याच्या डोक्याशी बसली. बसताना तिचे स्वतःचे गुडघे वाजले, कट् कट्, आणि त्या आवाजासरशी तिच्या मनात काहीतरी उलटलं. हा आवाज आज आधी एकदा झाला होता. कचेरीत. ती तिथं बाकाच्या पायथ्याला फरशीवर बसली होती, सकाळपासून. बायांना बाकावर कोण बसू देतंय. मग मेजरचा चेहरा तिनं समोरासमोर कसा बघितला? खांद्यावर ठेवलेला तो लाल केसाळ हात तिच्या डोळ्यांच्या उंचीवर कसा आला? ती उभी होती. टाच वाजली त्याच क्षणी तीही उठली होती, पदर सारखा करून, मान उंच करून, गुडघे वाजवत. आणि नुसती उठली नव्हती. अपील बुडतंय, मळ्यातली विहीर पुढं आहे, हे सगळं कळायला तिला अवकाश होता तो तेवढाच, गोऱ्याचा हात लेकाच्या खांद्यावर होता तेवढाच, आणि तेवढ्या अवकाशात तिचं ऊर असं भरून आलं होतं, असं गच्च, की सांगलीच्या आवारात माप भरलं तेव्हाही तसं आलं नव्हतं. तिच्या मनात आलं होतं, बघा. बघा रे, हा माझा आहे. आणि नाथाजीनं मेजरकडं बघता बघता, मान न हलवता, नुसते डोळे फिरवून, एकदा तिच्याकडं बघितलं होतं. भरतीच्या दिवशी बघितलं होतं तसंच. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते त्याला दिसलं, आणि मग आत गेल्यावर तो दुसरं काय सांगणार होता? न्हाई साब. न्हाई साब.

लांबवर सिग्नलचा हात पडला. फलाटावर माणसं उठायला लागली, गाठोडी उचलायला लागली. नाथाजीचे दोन्ही तळवे फरशीला टेकले. तो कुशीवर व्हायच्या तयारीला लागला. गाडीतही बसायला जागा मिळेल की नाही कोण जाणे, आणि पुढं बैलगाडी, आणि पुढं वेस, तालीम, तालमीवरची माणसं, आणि दारात काठी घेऊन मनुबाई. आणि त्याच्याही पुढं सगळ्या पहाटा, एकामागं एक, चौपायी. तिनं त्याच्या छातीवर हात ठेवला आणि त्याला खाली दाबला. छाती अजून फुगवूनच धरलेली होती. त्याला सोडायला कुणी सांगितलंच नव्हतं.

"आये," तो आभाळाकडं बघत म्हणाला. "त्यो सायब आमच्याच पलटनीचा हुता गं. त्येच्या म्होरं कसं बसून ऱ्हायाचं?" आणि मग मान तिच्याकडं वळवून, "चुकलं न्हवं माजं?"

बनुबाईनं त्याचा फेटा उचलला. खळीनं तो अजून ताठ होता. तिनं तो मांडीवर घेतला, दोन्ही हातांनी दाबला, सगळे पेच मोडले, आणि त्याची घडी करून त्याच्या कंबरेखालच्या खड्ड्याशी सरकवली. मग म्हणाली,

"चुकलं. लय चुकलं तुजं, नाथा. आन् ऐकून ठीव, उद्या त्यांनी फिरून बोलवलं तरी तू ह्येच चुकशील, आन् मी बी तुला फेटा बांधूनच नीन. आपल्याला दुसरं येत न्हाई. आता पड हितं. गाडी येऊ दे, सायब येऊ दे, देव जरी आला समूर, तरी मी सांगिपतूर उठायचं न्हाई."